चावडीपासून महापालिकेपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहून द्या" अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली, तेव्हा त्यांच्या मनात चाकणचा किल्ला असावा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही हकीकत आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ आहे, आणि ती असावीच. पण त्या किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहावयाचे आहे ते दुसऱ्या किल्ल्यांविषयी, कुलपाच्या.

आपल्यापैकी ज्या भगिनी एकत्र कुटुंबात नांदल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावयास नको. भाकऱ्या थोरलीने थापाव्यात, पाणी मधलीने आणावे, निवडणे-टिपणे धाकटीने करावे, अशी कामाची वाटणी घरोघर असे. कोठीच्या किल्ल्या मात्र एकाच कमरेला! पाहुण्यांच्या चहाला पसाभर साखर हवी असली तरी धाकटीला ती मागावी लागे. काम वाटले म्हणजे सत्ता वाटली असे होत नाही, हे आपण काही पुस्तकात वाचून शिकलो नाही. सरकारदरबारी ज्याला "विकेंद्रीकरण" म्हणतात त्याचा विचार करू लागले की मला ही कोठी आठवते. गावाला वरून काय मिळाले हे पाहताना, किल्ली मिळाली की नुसते काम मिळाले, एवढे विचारले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पलीकडे चाकण, या आपल्या पट्ट्याची गेल्या दोनशे वर्षांची हकीकत मी याच प्रश्नाने वाचते.

इंग्रजी अंमल बसला तेव्हा आपल्याकडची गावे कशी होती, याचे एक चांगले वर्णन आपल्या जवळच्याच गावाचे आहे. नगर रस्त्यावरच्या लोणीकंदची बारकाईने पाहणी टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यावर लगोलग केली. १८२३ साली ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आली. पुढे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासले आणि त्यावर १९६० साली पुस्तक लिहिले. त्या जुन्या व्यवस्थेत पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार आपापल्या वतनावर गावाचा गाडा हाकीत. तंटा पडला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. पुण्यास कमिशनर असलेल्या एल्फिन्स्टनसाहेबाला ही पंचायत पसंत पडली आणि ती चालू राहावी असे त्याने मनावरही घेतले होते. परंतु कोर्टे आली, पगारी अंमलदार आले, सारा प्रत्येक खातेदाराकडून परस्पर घेण्याची पद्धत बसली, आणि पंचायतीला करावयासारखे फारसे काही उरले नाही. त्रिंबक नारायण अत्रे यांनी १९१५ साली "गावगाडा" लिहिला तेव्हा तो गाडा पुरता खिळखिळा झालेला होता.

या गावकीचे गोडवे गाणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांत नाही. चावडीच्या ओट्यावर कोण बसे आणि ओट्याखाली कोण उभे राही, हे ज्यांच्या घरच्यांनी खाली उभे राहून पाहिले त्यांना विचारावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतींच्या बिलाला कसून विरोध केला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही खेड्याविषयीच्या भाबड्या भक्तीवर कडक शब्दांत टीका केली, ती उगीच नव्हे. जुन्या कागदांत एखाद्या वतनदाराच्या विधवेचे नाव क्वचित दिसते. बाकी बायकांना चावडीची पायरी ठाऊक नव्हती. गावात सत्ता होती हे खरे. गावातल्या सर्वांची मात्र ती नव्हती.

एकदा मोडलेले पुन्हा जुळवावयाचे इंग्रजांनाही सुचले, आणि त्याची सुरुवात झाली पैशापासून. १८६३ च्या सुमारास साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने करावयाचे होते. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली. आपली पिंपरी हवेली तालुक्यात आणि चाकण खेड तालुक्यात; तेव्हा दोहोंना दोन बोर्डे लाभली. पण जिल्हा बोर्डाच्या खुर्चीवर खुद्द कलेक्टरसाहेब. म्हणजे सुनांची सभा भरवावयाची आणि अध्यक्षस्थानी सासूबाई!

"विकेंद्रीकरण" या शब्दाचा आपल्याकडे पहिला मोठा गाजावाजा झाला तो १९०७ ते १९०९ या काळात. त्या वेळी विलायतेहून या नावाचे एक रॉयल कमिशनच आले होते. रमेशचंद्र दत्त त्याचे सभासद होते. पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले नामदार गोखले यांनी त्यापुढे साक्ष दिली. त्यांचे सांगणे असे की, सत्ता मुंबईच्या सेक्रेटरिएटातून काढून कलेक्टराच्या हाती दिली तर रयतेला काय मिळाले? अंमलदाराकडून अंमलदाराकडे गेलेली सत्ता रयतेपासून तेवढीच लांब. खाली ग्रामपंचायत, मध्ये तालुका बोर्ड आणि वर जिल्ह्याचे लोकनियुक्त मंडळ, अशी रचना त्यांनी मांडली. आज आपण जी तीन पायऱ्यांची पंचायत राज्यव्यवस्था म्हणतो तिचा आराखडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या माणसाने मांडून ठेवला होता, ही गोष्ट आपल्या भागात तरी विसरली जाऊ नये.

स्थानिक सत्ता आली म्हणजे बायकांचे भले आपोआप होते असेही नाही. १९२० साली पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा पैसा अपुरा म्हणून आधी मुलांना शिकवावे, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणणारे थोर थोर लोक होते. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी लोकांचा रोष पत्करला. म्हणजे हुकूम साता समुद्रापलीकडून आलेला नव्हता. घरच्याच माणसांनी मुलींना थांबावयास सांगितले होते.

आता आपल्या पट्ट्याकडे येते. येथे सर्वांत महत्त्वाचे साल माझ्या मते १९६२.

संयुक्त महाराष्ट्र झाला आणि दोन महिन्यांच्या आत यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली. तिने १५ मार्च १९६१ रोजी २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान रस्ते, शेतीसुधारणा हा सारा कारभार जिल्हा परिषदेकडे आला. कलेक्टर बाहेर राहिले, आमदार-खासदारांनाही त्यात जागा ठेवली नाही. दुसऱ्या प्रांतांच्या मानाने हे धाडसाचे पाऊल होते. त्याच वर्षीच्या कायद्याने मुलकी पाटलाचे वतनी पद गेले. आणि त्याच वर्षी, तीनच महिन्यांनी, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. मुंबईत गिरण्या-कारखान्यांची दाटी झाली होती. उद्योग राज्यभर पसरावेत हा हेतू होता. तोही विकेंद्रीकरणाचाच.

एका वर्षात दोन विकेंद्रीकरणे! एक सत्तेचे, दुसरे कारखान्यांचे. कागदावर ती जुळी भावंडे होती. आपल्या गावांत मात्र त्यांचे जमले नाही.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना पन्नाशीच्या दशकातच सुरू झालेला होता. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची वसाहतही तेथे होती. साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आली, भोसरीला औद्योगिक वसाहत आखली गेली आणि तिच्या शेडांतून लेथ फिरू लागले. जिल्हा परिषदेकडून गावाला जो अधिकार मिळाला होता तो गावाने अजून धड हाताळलाही नव्हता, तोच गावच राहिले नाही. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले अध्यक्ष. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि मोकळ्या जमिनींची आखणी त्याच्याकडे गेली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. पण पहिली निवडणूक १९८६ साली. तोवर प्रशासक. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, वाकड, रावेत, पुनावळे अशी आणखी गावे आत आली.

माझे सासर या चारांपैकी एका गावचे. सासूबाईंना चावडी चांगली आठवत होती. घरातले पुरुष सकाळी चावडीवर जात आणि बांध, पाट, विहीर यांचे काही ठरवून भाकरीच्या वेळेला परत येत. नगरपालिका झाल्यावर तेच काम अर्ज, शिक्का आणि कचेरी असे होऊन बसले. मामंजींना ते जन्मभर रुचले नाही. सासूबाई मात्र म्हणत, "चावडी गेली तर गेली, नळ तर आला!" त्यांनी वीस वर्षे डोक्यावर पाणी वाहिले होते. ज्या चावडीत त्यांना कधी बसावयास मिळाले नाही, ती गेल्याचे दुःख त्यांनी का करावे? मामंजींचे आणि सासूबाईंचे हे भांडण मी पुष्कळदा ऐकले. दोघांचेही खरे होते, असे मला अजूनही वाटते. मोठ्या संस्थेने नळ, गटार, दिवे आणले, ते चार वेगळ्या ग्रामपंचायतींना जमले नसते. पण ज्या शेताच्या बांधावर नळाची तोटी आली, त्या शेताचे काय करावयाचे हे ठरविणारा माणूस आता गावात राहत नव्हता. संपादनाच्या जमिनीचा साडेबारा टक्के परतावा हे शब्द प्राधिकरणाच्या हद्दीतल्या जुन्या घरांतून दोन पिढ्या ऐकू येत आहेत. ते प्राधिकरणही २०२१ साली विसर्जित होऊन मुख्यतः पुणे महानगर प्रदेश प्राधिकरणात विलीन झाले, म्हणजे कचेरी आणखी एक पायरी वर गेली.

उद्योग पसरविण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने काढलाच नव्हता असे नाही. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभारला, तेथे ऊस घालणारा शेतकरी हाच भागीदार. पुढे सहकारात काय काय शिरले ते सर्वांना ठाऊक आहे, तो विषय येथे नको. आणि बायकांचे उदाहरण द्यावयाचे तर गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड. पीठ केंद्रावर मळावयाचे, लाट्या घरी न्यावयाच्या, पापड लाटून परत आणावयाचे. आणि लाटणारी बाई ही नोकर नव्हे, सभासद, नफ्यातोट्याची वाटेकरीण. काम घरोघर गेले आणि किल्लीही बरोबर गेली, असे क्वचितच घडते. आपल्या पट्ट्यात जे शेकडो लहान कारखानदार झाले त्यांच्याकडेही काम आले, परंतु भाव आणि मागणी मोठ्या कंपनीच्या हाती. २००७ साली आकुर्डीतील बजाजचे उत्पादन थांबून भर चाकणवर गेला, तेव्हा निर्णय एका ठिकाणी झाला आणि धावपळ अनेक ठिकाणी.

आता कोठीच्या मुख्य किल्लीकडे, म्हणजे पैशाकडे येते. पिंपरी-चिंचवड महापालिका श्रीमंत म्हणून नावाजली ती जकातीमुळे. हद्दीत वापरासाठी येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घ्यावयाचा. येथे तर पोलादापासून सुट्या भागांपर्यंत सारे बाहेरून यावयाचे. ट्रकांच्या रांगा, नाक्यावरील घासाघीस, चोरवाटा हे दोष होतेच, जकातीची आठवण काढून कोणी गहिवरणार नाही. पण तो पैसा गावाचा होता. त्यासाठी कोणापुढे पदर पसरावा लागत नव्हता. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा तोही माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच उरलेलाही संपला. आता त्याची भरपाई राज्य सरकार देते. रक्कम येते, वाढीव दरानेही येते. धाकट्या सुनेला साखर मिळते, पण मागून.

गावाला सत्ता मिळाली पाहिजे असे म्हणताना शहरही शेजारच्या गावाची सासू होऊ शकते, हे आपण ९ ऑगस्ट २०११ रोजी पाहिले. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद नळाने पाणी आणण्याची योजना होती. मावळच्या शेतकऱ्यांना भीती ही की नदीचे वाहते पाणी गेले तर काठावरच्या शेतीचे काय. बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी दगावले. त्यांत एक भगिनी होती. योजना पुढे वर्षानुवर्षे थांबून राहिली. आपल्या घरातला नळ आणि त्यांच्या शेताचा पाट एकाच नदीवर. दोघांनाही बोलावून एका जागी बसवील अशी सभा कायद्याने कोठे ठेवली आहे, ते मला तरी सापडत नाही.

चाकणकडे हीच गोष्ट पुन्हा घडताना दिसते. कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेले हे गाव २०१५ पर्यंत ग्रामपंचायतच होते. त्या वर्षी तेथे नगरपरिषद झाली. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्येच सुरू झालेला होता. भोवतालच्या पुष्कळ गावांत अजून ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्या शिवारात जगभर नाव असलेले कारखाने उभे आहेत. औद्योगिक क्षेत्रातील बांधकामाची परवानगी एमआयडीसी देते, सरपंच नव्हे. कारखान्याने ग्रामपंचायतीला करांऐवजी ठोक रक्कम द्यावी, अशी सोय १९५८ च्या कायद्यात आहे. सरपंचाच्या वाट्याला येतो तो कचरा, भाड्याच्या खोल्यांतली गर्दी, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये तुंबणारा रस्ता.

यात बायकांचे काय झाले, हे सांगितल्यावाचून मंडळाच्या स्मरणिकेत लेख संपविता येणार नाही. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पंचायतींत दोन स्त्रिया स्वीकृत करून घ्याव्यात असे सुचविले. दोन जणींची हजेरी, तीही बोलावून घेतलेल्या. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यातील निंबुत येथे, साठीच्या दशकात सारीच्या सारी ग्रामपंचायत स्त्रियांची झाली होती. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरलाही तसे घडले. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, १९९३ साली घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या, आणि २०११ पासून आपल्याकडे निम्म्या. "नवराच कारभार पाहतो" असे हसून म्हणणारे भेटतात. काही ठिकाणी ते खरे आहे. परंतु पुरुष सदस्याचा कारभार त्याचा काका किंवा पुढारी पाहत असे, तेव्हा हे हसू कोणाला आले नव्हते.

निम्म्या जागा मिळाल्या तरी निवडणूकच झाली नाही तर त्या रिकाम्याच. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची आणि पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासकांनी कारभार पाहिला. कामे चालू होती, रस्तेही होत होते. विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न मात्र गल्लीगल्लीत होता.

खेड्यांत एक सोय अजून शाबूत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घेतली पाहिजे असा महाराष्ट्रात कायदा आहे. चाकणच्या बाजूने येणाऱ्या आपल्या काही सभासद भगिनी अशा सभेला जातात. त्यांच्याकडून कळले की त्यांच्या गावी सभा सकाळी दहाला ठेवतात, आणि तेव्हा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेल्या मुली येऊ शकत नाहीत. सायंकाळी ठेवावी तर स्वयंपाकाची वेळ. गेल्या खेपेस तिघींनी मिळून लेखी मागणी दिली की सभा रात्री साडेआठला, शाळेच्या खोलीत, दिवे लावून भरवावी. ग्रामसेवकांनी अर्ज ठेवून घेतला आहे आणि पोच दिली आहे.